कोरियन मुलींवरचा चित्रपट मराठीत सांगायचा आहे, शब्दांवर अडले आहे

विडीघरकुल_बाई (सोलापूर)

नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. कुंभारीच्या विडी घरकुलात माझी बहीण राहते. तिच्या घरी दर दुसऱ्या रविवारी दुपारी आम्ही पंधरा-वीस बायका मिळून एक चित्रपट बघतो. बहुतेक जणी विडी वळणाऱ्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं, हात चालू आणि डोळे टीव्हीवर. माझ्या आईनंही जन्मभर विड्याच वळल्या, त्यामुळे त्या बैठकीत मला परकं वाटत नाही. त्यांच्या घरात तेलुगू, बाहेर मराठी. खाली इंग्रजी अक्षरं पळतात ती वाचणं कुणालाच जमत नाही, म्हणून परदेशी चित्रपट असला की मी टीव्हीशेजारी खुर्ची टाकून बसते आणि पात्र बोललं की मराठीत सांगत जाते. दोन वर्षं हे चाललंय.

या वेळी मी ‘स्पिरिट्स होमकमिंग’ हा कोरियन चित्रपट निवडलाय. २०१६ चा, दिग्दर्शक चो जुंग-रे. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यानं कोरियातल्या मुली नेल्या आणि सैनिकांसाठी ठेवल्या, त्याची गोष्ट. १९४३ साली खेड्यातली चौदा वर्षांची जुंग-मिन उचलली जाते. निघताना आई तिच्या कपड्याला ताईत बांधते. दुसरा धागा १९९१ चा: तिच्यासोबतची जी एक वाचली ती आता म्हातारी झालीय, कपडे शिवून पोट भरते, कुणाला काही सांगितलेलं नाही.

हा चित्रपट उभा राहायला चौदा वर्षं लागली. दिग्दर्शक अशा आज्यांच्या निवासात ढोलकीवादक म्हणून सेवेला जायचे. तिथं कांग इल-चुल या आजींनी काढलेलं एक चित्र त्यांनी २००२ साली पाहिलं. खड्ड्यात जळणाऱ्या मुली आणि भोवती उभे सैनिक. आजारी पडल्यावर त्यांना स्वतःलाच तसं जाळायला नेलं होतं, त्यातून त्या वाचल्या. निर्माते मिळेनात, तेव्हा ७५ हजारांहून जास्त सामान्य माणसांनी वर्गणी दिली आणि अर्ध्याच्या आसपास खर्च त्यातून निघाला.

मी तो एकटीनं दोनदा बघितला. दुसऱ्या वेळी वही घेऊन बसले, कुठं काय सांगायचं ते लिहून काढायला, आणि तिथंच अडले.

जपानी सैन्याच्या कागदांत या मुलींना ‘इआन्फु’ म्हणत. इआन म्हणजे दिलासा, विरंगुळा. त्यावरून इंग्रजीत ‘कम्फर्ट वुमन’. मराठीत ‘दिलासा देणाऱ्या बायका’ असं माझ्या तोंडून निघणार नाही. दिलासा कुणी कुणाला दिला? ‘वेश्या’ म्हणाले तर जे लोक आजही हे झालंच नाही म्हणतात, त्यांचंच म्हणणं मी खरं केलं. मग आपले शब्द काढून बघितले. अब्रू लुटली. शील गेलं. बाटली. नासवली. भ्रष्ट झाली. एकेक लिहिला आणि एकेक खोडला. सगळ्या शब्दांत गेलं ते तिचं, घाण लागली ती तिला. ज्यानं केलं तो त्या वाक्यात कुठंच नाही. ‘बलात्कार’ शब्द खरा आहे, पण तो ऐकला की एक रात्र, एक माणूस असं डोळ्यांपुढं येतं. इथं दाराबाहेर रांग आहे, रोज, वर्षानुवर्षं.

मला हे शब्द मोठ्यानं, चारचौघींत उच्चारायचे आहेत. समोर सत्तरीतल्या पेद्दम्मा (तेलुगूत थोरली मावशी) असतील. मागं एका हिंदी चित्रपटात असा प्रसंग आला तेव्हा त्या सूप घेऊन उठून गेल्या होत्या. आणि दोघी-तिघींच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीही येतात.

तर विचारायचं ते असं. एक, कुठला शब्द वापरू? दोन, सुरुवातीला किती इतिहास सांगू, म्हणजे युद्ध कुठलं हे कळेल पण शाळा भरल्यासारखं होणार नाही? तीन, मुलींना बसू द्यावं का?

---

बार्शीचा_मास्तर

बाई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तीस वर्षं तेच केलं. सोलापुरात हे युद्ध समजावायला आपल्याकडं डॉ. कोटणीस आहेत. भैय्या चौकातलं स्मारक त्या मुलींनी बघितलेलं असेल. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले ते जपाननं चीनवर हल्ला केला होता म्हणून. कोटणीस जखमी चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत तिथंच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला वारले, वय अवघं ३२. चित्रपटातली पोरगी नेली जाते ती पुढच्याच वर्षी, आणि नेतात ती चीनच्या ईशान्येला मांचुरियात, म्हणजे त्याच जपानी सैन्याच्या ताब्यातल्या मुलखात. एवढं सांगा, नकाशा लागणार नाही. कोरिया १९१० पासून १९४५ पर्यंत जपानच्या राज्यात होता, हेही एका वाक्यात सांगा. त्या मुलींना दाद मागायला सरकारच स्वतःचं नव्हतं.

एक गोष्ट मात्र जपून सांगा. चित्रपटात सैनिक घरात शिरून मुलगी ओढून नेतात. तसंही झालं, पण बऱ्याच मुली फसवून नेल्या गेल्या. कारखान्यात काम आहे, पगार आहे, पोटभर जेवण आहे, असं दलाल सांगायचा. गरीब घरांतल्या, शाळा सुटलेल्या मुली. तुमच्या बायकांना हे दुसरं जास्त पटेल. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण नाकारणारे नेमकं इथंच बोट ठेवतात: सैनिकांनी ओढून नेल्याचा कागद दाखवा, म्हणतात. जणू फसवून नेलं, कोंडून ठेवलं आणि पळाली तर मारलं, यात जबरदस्ती नाहीच.

कागदांचं म्हणाल तर युद्ध संपताना त्यांनी बरेच जाळले. तरी १९९२ च्या जानेवारीत योशिमी योशिआकी या जपानी इतिहासकारानं संरक्षण खात्याच्या ग्रंथालयातून काढलेले कागद छापून आले. ही ठिकाणं उभी करण्यात आणि चालवण्यात सैन्याचा हात होता, हे त्यांतून उघड झालं. पुढं ४ ऑगस्ट १९९३ ला जपान सरकारनंच कोनो निवेदनात ते मान्य केलं, आणि बऱ्याच मुलींना त्यांच्या मर्जीविरुद्ध आणलं होतं हेही. हे शोधणारा माणूस जपानी होता, हे मुलींना आवर्जून सांगा. आकडा विचारला तर वीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत अंदाज आहेत एवढंच सांगा. फक्त कोरियन नव्हेत. चिनी, तैवानी, फिलिपिनो, इंडोनेशियन, डच बायकाही त्यात होत्या.

शब्दाचं. १९९६ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगासाठी श्रीलंकेच्या राधिका कुमारस्वामी यांनी अहवाल दिला. ‘कम्फर्ट वुमन’ हा शब्द या यातनेला अपुरा आहे, ‘लष्करी लैंगिक गुलामगिरी’ म्हणा, असं त्यांनी म्हटलं. मी वर्गात तोच वापरत होतो.

---

अशोकचौक_अक्का

मास्तर, तुमचा शब्द पुस्तकात बरोबर आहे. विडी वळताना ऐकणाऱ्या बाईच्या कानात तो शिरणार नाही. आणि ज्यांच्यासाठी तो केला त्या सगळ्यांनाही तो मान्य नव्हता. ली योंग-सू या आजींनी जगभर फिरून साक्ष दिली. मे २०२० मध्ये त्यांनी पत्रकारांसमोर सांगितलं की ‘लैंगिक गुलाम’ हे नाव मला लावलेलं सहन होत नाही. मग त्यांना काय म्हणतात तिकडं? ‘हालमोनी’. म्हणजे आजी. वर्तमानपत्रात, मोर्च्यात, सगळीकडं. बाई, तुम्ही स्वतःच वर ‘कांग इल-चुल आजी’ लिहिलंय बघा.

मी पद्मशाली घरातली, आईकडून विडी, सासरकडून यंत्रमाग. आमच्या तेलुगूतही तोच घोळ आहे. बातम्यांत ‘मानभंगम्’ म्हणतात, म्हणजे मान मोडला. कुणाचा, तर तिचा. पण घरात आई-मावश्या खालच्या आवाजात बोलायच्या तेव्हा म्हणायच्या ‘बलवंतम् चेशारु’. त्यांनी जबरदस्ती केली. त्यात ‘त्यांनी’ आहे. पेद्दम्मांच्या वयाच्या बाईला हे दोन शब्द पुरतात, त्या उठून जाणार नाहीत. उठून गेल्या होत्या त्या शब्दाला नव्हे, कॅमेरा त्या मुलीच्या अंगावरून फिरत होता त्याला, असं मला वाटतं. तुम्हीच आठवून बघा.

आणि म्हाताऱ्या पात्राला ‘म्हातारी’ म्हणू नका. ‘अम्मम्मा’ म्हणा, आमच्या तेलुगूतली आजी.

---

दोन_मुलींची_आई

तिसऱ्या प्रश्नावर माझं मत वेगळं आहे आणि ते मी मनापासून मांडते. चौदा वर्षांच्या मुलींना बसवू नका. माझी धाकटी पंधराची. ती रोज सिटी बसनं सात रस्त्यापर्यंत जाते आणि बसमध्ये काय सहन करते ते मला माहीत आहे. तिला जगात काय चालतं हे शिकवायला चित्रपट लागत नाही. पडद्यावर तिच्याच वयाची मुलगी मार खाताना बघून तिच्या मनात भीती बसेल, दुसरं काही होणार नाही. आधी बायकांनी बघा. मग ज्या आईला वाटेल तिनं आपल्या मुलीला आपल्या शब्दांत सांगावं. आईनं सांगितलेलं वेगळं असतं.

---

विडीघरकुल_बाई

तुमचं वाचून रात्रभर विचार केला. शाळेत असताना मी कदाचित वाद घातला असता, आता घालत नाही. मुलींना या वेळी बोलावणार नाही. आधी आम्ही बघू.

अक्का, तुमचं खरं आहे. त्या हिंदी चित्रपटात कॅमेरा तसाच फिरत होता. मला शब्दाचा दोष वाटला होता. या चित्रपटातही एक-दोन दृश्यं मला नको तेवढी लांब वाटली, तिथं मी टीव्हीचा आवाज बंद करून नुसतं सांगणार आहे. दिग्दर्शकाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण बघणारीच्या पोटात कालवेल आणि कळणार जास्त काहीच नाही, असं ते आहे.

---

नळदुर्गकर

मी इथं सहसा लिहीत नाही. बाईंनी खोडलेले शब्द वाचले आणि राहवलं नाही.

आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, तेव्हाच्या निजाम राज्यात. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकार गावात आले. माझ्या आजीची धाकटी बहीण तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती एकोणीस दिवस घरी नव्हती. मी लहानपणापासून ऐकलेलं वाक्य एवढंच: ‘तवा ती गेली हुती.’ गेली होती. जणू जत्रेला गेली होती. परत आल्यावर तिला चुलीला हात लावू दिला नाही. पुढं लांब, कर्नाटकात, बिजवराला दिली. माझी आजी मरायच्या आधी दोन महिने सोलापूरच्या दवाखान्यात होती, तेव्हा एका रात्री मला म्हणाली, “गेली न्हवती रं. नेली हुती.” तिला ते एक अक्षर बदलायला साठ वर्षं लागली.

पुढचंही सांगितलं पाहिजे, कारण आजीनं त्याच रात्री तेही सांगितलं. सप्टेंबरात आपलं सैन्य सोलापूरकडून नळदुर्गात शिरलं, पाच दिवसांत निजाम शरण आला. त्यानंतर आमच्याच गावातल्या मुसलमान घरांतल्या बायकांवर तेच आलं, आणि करणारे आमचे ओळखीचे होते. एक शेजारीण विहिरीत सापडली. सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या अहवालात आमच्या तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्याचं नाव सगळ्यात जास्त हानी झालेल्या चार जिल्ह्यांत आहे. तो अहवाल कितीतरी दशकं लोकांना वाचायलाच मिळाला नाही. त्या बायकांचीही ‘अब्रू गेली’ एवढंच गावानं ठेवलं. कुणी घालवली ते नाही.

म्हणून बाई, नाम शोधू नका. क्रियापद नीट वापरा. ‘नेली’ म्हणा. ‘शिपायांनी कोंडलं’, ‘शिपायांनी मारलं’, ‘शिपायांनी जबरदस्ती केली’. दर वाक्यात ‘शिपायांनी’ आलं पाहिजे. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी चालेल.

---

अशोकचौक_अक्का

नळदुर्गकर, तुमच्या आजीच्या बहिणीचं पुढं काय झालं, सांगावंसं वाटलं तर सांगा. नाही सांगितलं तरी चालेल.

---

नळदुर्गकर

दोन मुलगे झाले. मी एकदाच भेटलो. माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले होते. तिला कुणी काही विचारलं नाही, मीही नाही.

---

विडीघरकुल_बाई

परवा रविवारी दाखवला. उशिरा लिहितेय, दोन दिवस काही सुचत नव्हतं.

अकरा जणी आल्या. सात जणींनी विषय कळल्यावर येणार नाही म्हणून सांगितलं. पेद्दम्मा आल्या. सुरुवात मास्तरांनी सांगितली तशी कोटणीसांपासून केली, पाच मिनिटांत आटोपली. कारखान्यात काम देतो म्हणून पोरी नेल्या, असं म्हणताच एक जण म्हणाली, “मुंबईला कामाला म्हणून आमच्या गल्लीतली नेली होती की, तसंच.” मग त्या मुलीबद्दल थोडा वेळ बोलणं झालं. मी थांबवलं नाही.

चित्रपटभर मी ‘शिपायांनी’ म्हणत राहिले. शिपायांनी नेलं. शिपायांनी दार लावलं. मला स्वतःला ते जड गेलं. सवय अशी की जीभ सारखी ‘तिच्यावर’पासून वाक्य सुरू करायला जायची. मध्येच अडखळले की शेजारची माझ्यासाठी म्हणायची, “शिपायांनी.” नंतर दोघी-तिघी म्हणू लागल्या.

१९९१ च्या भागात ती आजी टीव्हीवर किम हाक-सून यांना बघते. ते खरंच घडलेलं आहे. १४ ऑगस्ट १९९१ ला किम हाक-सून आपलं नाव आणि चेहरा न लपवता बोलल्या. दक्षिण कोरियात असं उघड बोलणाऱ्या त्या पहिल्या. त्यानंतर सरकारनं नोंदणी सुरू केली आणि सुमारे २४० जणींनी नाव नोंदवलं. चित्रपटातली आजी नाव नोंदवायला कचेरीत जाते, खिडकीपर्यंत पोचते आणि परत फिरते. आत कर्मचारी आपापसांत बोलत असतात: डोकं फिरल्याशिवाय कोण असलं सांगायला येईल? मग ती तिथंच उभी राहून ओरडते की ती डोकं फिरलेली मीच. इथं मला मराठीत सांगायची गरजच पडली नाही. पेन्शनसाठी, रेशनसाठी, विडी कामगार कार्डासाठी खिडकीसमोर उभं राहून कोण आत काय बोलतं ते या सगळ्यांनी ऐकलेलं आहे. एकीनं तर टीव्हीलाच सांगितलं, “बोल अम्मम्मा, बोल.”

मला ज्या भागाची धास्ती होती तो शेवटचा. त्यांच्याकडची देवऋषीण असते, तिच्याजवळ राहणारी एक तरुण मुलगी असते, तिच्यावरही एकानं अत्याचार केलेला. विधी चालू असताना मेलेली जुंग-मिन या मुलीच्या अंगात येते आणि जिवंत राहिलेल्या मैत्रिणीशी बोलते. मी वहीत लिहून ठेवलं होतं: ‘कोरियातली प्रथा, दोन वाक्यांत समजावणे.’ एक वाक्य सुरू केलं आणि पेद्दम्मांनी हातानं मला गप्प केलं. “कळतंय.” तेवढ्या वेळात एकाही सुपात हात चालला नाही. दर कोजागरीला चालत तुळजापूरला जाणाऱ्या बायका या. अंगात येणं म्हणजे काय हे त्यांना मी काय सांगणार? मी शाळेत तीस वर्षं मुलांना सांगत आले की अंगात येणं खोटं असतं. ते खोटंच आहे असं मी आजही मानते. पण त्या दिवशी मला ते म्हणायचं नव्हतं. मेलेल्या मुलीला बोलायला दुसरं तोंड कुठून आणायचं?

नावं सुरू झाली तेव्हा मी टीव्ही बंद करायला उठले. पेद्दम्मा म्हणाल्या, राहू दे. वर्गणी देणाऱ्यांची नावं बराच वेळ जातात, सोबत आज्यांनी काढलेली चित्रं येतात. एकीलाही ती लिपी वाचता येत नव्हती, तरी सगळ्या बसून राहिल्या. मी सांगितलं की कोरियन भाषेत चित्रपटाचं नाव ‘ग्वीह्यांग’, म्हणजे घरी परतणं. पण ‘परत’साठीचं चिनी अक्षर बदलून त्याच उच्चाराचं ‘भूत’ हे अक्षर ठेवलंय. आणि दिग्दर्शकांचं म्हणणं असं की चित्रपट एकदा दाखवला की परमुलखात मेलेली एक मुलगी घरी परतते.

“म्हणजे आज एक आली?” पेद्दम्मांनी विचारलं.

मी म्हटलं, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, हो.

त्यांनी सूप खाली ठेवलं, तंबाखूचे हात पदराला पुसले. “मग परत कधी लावतेस?”

येत्या रविवारी लावतेय, साडेतीनला. न आलेल्या सातांपैकी पाच जणी येते म्हणाल्यात. अक्का, तेलुगू सांगायला तुम्ही याल का? कुंभारीची बस मिळाली नाही तर माझा भाचा अशोक चौकातून गाडीवर घेऊन येईल. दोन मुलींच्या आई, तुम्हीही या, मुलींना न आणता. बघून मग तुम्हीच सांगा मला.